वावरातलं खत आणि प्लास्टिक समुद्रात जाऊ नये म्हणून

विदर्भाला समुद्र नाही, पण इथला प्रत्येक नाला शेवटी समुद्रालाच जातो. वर्धा, वैनगंगा आणि पैनगंगेचं पाणी प्राणहितेतून सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळतं आणि बंगालच्या उपसागरात उतरतं. अमरावती-अकोल्याकडची पूर्णा तापीत जाते, तापी सुरतेपुढे अरबी समुद्रात. त्या पाण्यासोबत वावरातला युरिया जातो आणि धुऱ्यावरचं (बांधावरचं) प्लास्टिकही.

आधी युरिया. ४५ किलोच्या पोत्यात साधारण २० किलो नत्र असतं. ते पाण्यात लगेच विरघळतं, म्हणून युरिया वावरात नुसता फेकला आणि रात्री जोराचा पाऊस आला, तर पैसा नाल्यात. पुढे समुद्रात त्याच नत्रावर शेवाळ माजतं, मेलं की कुजतं, कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासोळी मरते. पऱ्हाटीला (कपाशीला) एकाच वेळी सगळा युरिया देऊ नका, दोन-तीन हप्त्यांत विभागून द्या. झाडाच्या बुडापासून चार-पाच बोटं लांब टाका आणि लगेच डवऱ्याने (कोळप्याने) मातीआड करा. उघडा राहिला तर काळ्या मातीत त्याचा वायू होऊनही उडतो. हप्ता देण्याआधी मेघदूत अ‍ॅपवर पुढच्या दोन दिवसांचा पाऊस बघून घ्या.

पाणी वावरातच मुरवायचं तर पेरणीनंतर ३० ते ४० दिवसांनी डवऱ्याच्या जानोळ्याला (पात धरणाऱ्या दांड्याला) दोरी गुंडाळून डवरणी करा. माती दोन्ही तासांच्या (पिकाच्या ओळींच्या) बुडाशी लागते आणि मधे सरी पडते. पण हे उताराला आडव्या पेरणीतच. तास उताराच्या दिशेने असतील तर तीच सरी नाला होते आणि होती ती मातीही घेऊन जाते. खालच्या धुऱ्याला दोन-तीन हात गवताचा पट्टा राहू द्या, गाळ तिथे अडतो. धुरा ‘साफ’ दिसावा म्हणून त्यावर तणनाशक मारण्याची जी चाल पडली आहे, ती या कामाची वैरीच.

फवारणीच्या औषधाच्या डब्या नाल्यावर धुणं सगळ्यात वाईट. डबी धुवायची ती पंप भरतानाच, कारण वाळलेलं औषध नंतर निघत नाही. हातमोजे आणि तोंडाला मास्क लावा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली, हे विसरायचं नाही. पंप अर्धा भरून घ्या, डबी पंपात उलटी धरून अर्धा मिनिट निथळू द्या. मग पाव डबी पाणी, झाकण घट्ट, अर्धा मिनिट हलवा, तेही पंपातच ओता. असं तीनदा. त्यानंतर पंप वरपर्यंत भरा. धुण्याचं पाणी पिकावरच गेल्याने औषधाचा थेंबही वाया जात नाही. शेवटी डबीच्या बुडाला सळईने भोकं पाडा, नाहीतर ती कुणाच्या तरी घरी तेलाला लागते. जाळू नका, धूर विषारी असतो. पोत्यात भरून आडोशाला, लेकरांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवा आणि गोळा करणारी सोय असेल तिथेच द्या.

आता लुगडी. रानडुकरं अडवायला वावराभोवती बांधलेल्या जुन्या साड्या बहुतेक पॉलिस्टरच्या, म्हणजे प्लास्टिकच. दोन उन्हाळे खाल्लेली साडी ओढली तर हातात धाग्यांचा भुगा येतो. युरियाच्या पोत्याचंही तसंच. तो भुगा पुन्हा गोळा होत नाही आणि पहिल्या पुरात निघून जातो. म्हणून पीक निघालं की साड्या सोडून, झटकून, छपराखाली ठेवा. ओढून फाडू नका, गाठीच्या चिंध्या खुंट्यांवर राहतात आणि त्याच आधी सुटतात. ठिबकच्या तुटक्या नळ्या, मल्चिंगच्या (वाफ्यावर अंथरायच्या) प्लास्टिकचे तुकडे नांगरटीआधीच वेचा, नांगर फिरल्यावर हाती लागत नाहीत.

गावच्या रपट्याजवळ (नाल्यावरच्या ठेंगण्या पुलाजवळ) साचलेला कचरा मिरगाच्या आधी, मे अखेरपर्यंत काढावा लागतो. नाल्यात बांबूची तट्टी लावून अडवायचा उपाय काहीजण करतात. ती पहिल्याच पुरात उखडते किंवा कचऱ्याने तुंबून पाणी शेजाऱ्याच्या वावरात घालते. त्यापेक्षा चार माणसं, कचरा ओढायचे दोन पंजे आणि रिकामी पोती पुरतात. ओलं प्लास्टिक दोन दिवस वाळवून, माती झटकूनच भंगारात द्या. चिखलासकट दिलं तर भंगारवाला घेत नाही आणि ढीग पुन्हा नाल्याकाठीच येऊन पडतो.