घरी ई-लिक्विड मिसळताय? या चुका टाळा

जून २०२५ पासून ब्रिटनमध्ये एकदा वापरून फेकायच्या व्हेपवर, म्हणजे ई-सिगारेटवर, बंदी आली. त्याच्या आदल्या वर्षीच्या बजेटमध्येच सरकारने १ ऑक्टोबर २०२६ पासून व्हेपमध्ये भरायच्या लिक्विडवर दर १० मिलीला २ पाउंड २० पेन्स कर जाहीर केला होता. तेव्हापासून इथल्या आपल्या मंडळींत घरी लिक्विड मिसळायची साथ आली आहे. मिसळा, माझी हरकत नाही. पण नवा गडी शुक्रवारी सामान मागवतो, शनिवारी रात्री मॅच बघत मिसळतो आणि रविवारी सकाळी फोन करतो, "घसा सोलून निघाला, काय चुकलं?" काय चुकलं ते मला फोन उचलायच्या आधीच माहीत असतं, कारण सगळे त्याच त्या चुका करतात.

हे सगळं सिगारेट सोडण्यासाठी व्हेप धरलेल्यांसाठी आहे. ज्याने आयुष्यात कधी सिगारेट ओढली नाही, त्याने हे वाचण्यात वेळ घालवू नये. छंद म्हणून लावून घ्यायची ही गोष्ट नव्हे.

स्वयंपाकघरातला इसेन्स

ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते, कारण ती करणारा स्वतःला हुशार समजत असतो.

माझ्या मावसभावाला मसाला पानाचा फ्लेवर हवा होता. दुकानात मिळणारे स्ट्रॉबेरी आणि मँगो त्याला पोरकट वाटायचे. इंडियन ग्रोसरीतून त्याने वेलचीचा इसेन्स आणला, घरात दातदुखीसाठी ठेवलेलं लवंगेचं तेल होतं, वर थोडं गुलाबपाणी. ग्लिसरीनमध्ये घालून खळखळ हलवलं तर पांढरट, ताकासारखं झालं. त्याला वाटलं, जमलं. दुसऱ्या दिवशी बाटली उजेडात धरली तर वरच्या कडेला पिवळं कडं जमलेलं, बोटाच्या नखाएवढं जाड. मी म्हटलं, "अरे, हे तेल आहे, फेकून दे." तो म्हणाला, "हलवलं की परत मिसळतं की!"

हलवलं की मिसळत नाही, नुसते बारीक थेंब होतात. ते थेंब कॉइलवर (व्हेपमधली लिक्विड तापवणारी तार) तापून वाफेबरोबर थेट फुप्फुसात जातात. पोटात गेलेलं तेल पचतं, फुप्फुसाला ती सोय नाही. तिथे तेल साचून जो न्यूमोनिया होतो त्याला लिपॉइड न्यूमोनिया म्हणतात. भाऊसाहेब आठवडाभर खोकत होते, मग डॉक्टरकडे गेले. डॉक्टरने छाती तपासायच्या आधी विचारलं, "त्यात तेल होतं का?" लगेच बंद केलं म्हणून खोकल्यावर निभावलं.

"पण हे खायचं आहे ना, मग ओढायला काय झालं?" हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय की आता उत्तर देताना आवाज चढतो. लोण्याचा वास देणारं डायअसेटिल हेही खाण्यातलंच. २००० साली अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नच्या एका कारखान्यातल्या कामगारांची फुप्फुसं त्याच्या वाफेने कायमची खराब झाल्याचं उघडकीला आलं. पॉपकॉर्न खाणाऱ्यांना काही झालं नव्हतं, हुंगणाऱ्यांना झालं. ब्रिटनमध्ये ई-लिक्विडमध्ये डायअसेटिल घालायला बंदी आहे ती यामुळेच. केकसाठीच्या बटर इसेन्सला मात्र हा नियम लागू नाही, आणि तुम्ही तोच कपाटातून काढताय. अमेरिकेतच २०१९ मध्ये व्हेपमुळे फुप्फुसं निकामी होण्याची लाट आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २८०७ जण रुग्णालयात दाखल झाले होते आणि ६८ दगावले होते. त्यातला मुख्य संशयित होता व्हिटॅमिन ई ॲसिटेट, गांजाच्या काळ्या बाजारातल्या काडतुसांत घट्टपणासाठी घातलेला तेलकट पदार्थ. आपल्या वेलचीशी त्याचा थेट संबंध नाही हे मान्य. तरीही तेलकट गोष्ट ओढायची नाही, एवढा बोध मला पुरतो.

काहीजण पाण्याच्या पेल्यात थेंब टाकून बघतात: तवंग आला तर तेल, नाही आला तर चालेल. अर्धीच परीक्षा आहे ही. तवंग आला तर फेकायचंच, पण न येणाऱ्या इसेन्समध्ये साखर आणि रंग असू शकतो. तेव्हा व्हेपसाठी म्हणून विकलं जाणारं कॉन्सन्ट्रेटच, म्हणजे फ्लेवरचा दाट अर्कच, घ्या. कॅपेला, फ्लेवर ॲप्रेंटिस, फ्लेवरआर्ट, इनावेरा यांचे बरेच प्रकार इथे सहज मिळतात. पानाची हौस असेल तर बडीशेप, गुलाब आणि मेंथॉलची कॉन्सन्ट्रेट घेऊन बसा. गुलाब अर्ध्या टक्क्यापासून सुरू करा, नाहीतर अत्तराचा फाया चावल्यासारखं लागेल.

थेंब मोजणारे

"एका मिलीत वीस थेंब" हे कुठून आलं माहीत नाही, पण प्रत्येक नवशिक्याला ते पाठ असतं. ड्रॉपरचं तोंड बदललं की थेंब बदलतो. लिक्विडचा पाया असलेल्या दोन द्रवांपैकी पातळ पीजीचा (प्रोपिलीन ग्लायकॉल) थेंब वेगळा, घट्ट व्हीजीचा (व्हेजिटेबल ग्लिसरीन) वेगळा. मग सिरिंज येते. सिरिंज वाईट नाही, पण व्हीजी ओढताना हवेचे बुडबुडे येतात, अंगठा दुखतो, आणि चौथ्या सिरिंजनंतर कुठली कशाची हे कोणालाच आठवत नाही.

तराजू घ्या. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल तराजू एका बाहेरच्या जेवणाच्या पैशांत येतो. बाटली ठेवा, शून्य करा, एक पदार्थ ओता, परत शून्य करा, पुढचा ओता. सिरिंज नाही, धुणं नाही.

फक्त एक गोष्ट ध्यानात ठेवायची: मिली म्हणजे ग्रॅम नव्हे. पीजी मिलीला साधारण १.०४ ग्रॅम भरतं, व्हीजी १.२६ ग्रॅम. समजा ३० मिली लिक्विड करायचं आहे, मिलीला ३ मिलीग्रॅम निकोटिनचं, १० टक्के फ्लेवर, ७० टक्के व्हीजी. मिलीला १८ मिलीग्रॅमचा निकोटिन शॉट (पीजीत विरघळवलेलं निकोटिन, छोट्या बाटलीत मिळतं) ५ मिली, म्हणजे ५.२ ग्रॅम. फ्लेवर ३ मिली, साधारण ३ ग्रॅम. पीजी १ मिली. उरलेलं २१ मिली व्हीजी, म्हणजे जवळपास २६.५ ग्रॅम. इथे घाईगर्दीत २१ ग्रॅम ओतलं की व्हीजी पावणेसतरा मिलीच पडतं. बाटली सव्वीसेक मिलीच भरते, निकोटिन ३ चं साडेतीन होतं, फ्लेवर बारा टक्क्यांच्या आसपास जातो, आणि माणूस म्हणतो रेसिपीच भंगार होती. फोनवरच्या ई-लिक्विडच्या कॅल्क्युलेटर ॲपमध्ये वजनाचा रकाना असतो. तो बघा, शेजारचा नको.

निकोटिनचं गणित

ब्रिटनमध्ये ग्राहकाला मिलीला २० मिलीग्रॅमपेक्षा जास्त निकोटिनचं लिक्विड विकता येत नाही, आणि तेही १० मिलीच्या बाटलीत. म्हणून ही शॉट नावाची भानगड. १८ चा एक शॉट ५० मिलीच्या शॉर्टफिलमध्ये (बिननिकोटिनचं तयार लिक्विड, बाटलीत वर जागा सोडलेली) ओतला की ६० मिली होतं आणि जोर ३ वर येतो. १८ वर नाही. हे सांगावं लागतं, कारण "शॉट १८ चा होता, मग काहीच का लागत नाही?" असं विचारणारे भेटतात आणि पाठोपाठ आणखी दोन शॉट ओतून मोकळे होतात.

उलटा घोटाळाही होतो. काही बाटल्यांवर २% लिहिलेलं असतं आणि लोक २ मिलीग्रॅम समजतात. २% म्हणजे २० मिलीग्रॅम, कायद्याची कमाल मर्यादा. त्यात सॉल्ट निकोटिन असेल तर घशाला काही जाणवतही नाही. असलं लिक्विड धुराचे लोट सोडणाऱ्या मोठ्या यंत्रात भरून आमच्या ऑफिसातला एकजण दुपारी कार पार्कमध्ये भिंतीला टेकून बसला होता. घाम फुटलेला, मळमळ, चेहरा पांढराफटक. मोठ्या यंत्राला ३, फार तर ६. जास्त जोर हवा असेल तर लहान पॉड, ज्यातून सिगारेटसारखा तोंडात झुरका घेतात.

बाहेरदेशातून ७२ किंवा १०० मिलीग्रॅमचं निकोटिन स्वस्तात मागवणाऱ्यांना मी मदत करत नाही. काय वाचतं त्यात? वर्षाचे चार पैसे. आणि तिथे दशांशचिन्ह हुकलं तर दुरुस्ती नाही. निकोटिन कातडीतून आत जातं. शॉट हाताळतानाही नायट्राइलचे हातमोजे घालावेत, सांडलं तर लगेच साबणाने धुवावं.

आता एक गोष्ट, जी मी प्रत्येकाच्या घरी गेल्यावर बघतो. १० मिलीची शॉटची बाटली आणि डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली हुबेहूब एकसारखी दिसते. आपल्याकडे आई-बाबा भारतातून सहा महिन्यांसाठी येतात, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचे थेंब बरोबर असतात, आणि ते बाथरूमच्या त्याच फळीवर जातात जिथे चिरंजीवांनी निकोटिन ठेवलेलं असतं. चष्मा काढलेल्या म्हाताऱ्या माणसाने काय वाचायचं? निकोटिन कुलपाच्या डब्यात ठेवा, लहान मुलं असोत वा नसोत. डोळ्यात गेलंच तर भरपूर पाण्याने धूत राहा आणि १११ ला (इथली आरोग्य हेल्पलाइन) फोन करा. मुलाने गिळलं तर उलटी काढायच्या फंदात न पडता थेट ९९९, म्हणजे आणीबाणीचा नंबर.

बाकीचे नेहमीचे

पहिल्याच दिवशी सात फ्लेवर एकत्र करू नका. पहिला महिना एका बाटलीत एकच फ्लेवर, १० मिलीची बाटली, झाकणावर टक्के आणि तारीख. कंटाळवाणं आहे, पण स्ट्रॉबेरी ६ टक्क्यांना कशी लागते हेच ठाऊक नसेल तर कस्टर्डमध्ये ती कुठे गेली ते कसं कळणार?

चव येत नाही म्हणून आणखी फ्लेवर ओतणारे. बहुतेक वेळा आधीच जास्त झालेला असतो. कमी करून बघा. गोडव्यासाठी इथाइल माल्टॉल सढळ हाताने घातलं असेल तर त्यानेच बाकीच्या चवी दाबल्यात.

मुरण्याबद्दल काय बोलावं! फळांचे फ्लेवर दोन-चार दिवसांत चालतात. कस्टर्ड आणि तंबाखू दोन ते चार आठवडे अंधाऱ्या कपाटात राहू द्यायचे, अधूनमधून हलवायचे. लोकांना हे जमत नाही. कोणी मायक्रोवेव्हमध्ये ठेवतं, कोणी झाकण उघडं टाकून रात्रभर "श्वास" देतं. उष्णता, उजेड आणि हवा या तिन्हींनी निकोटिन खराब होतं, रंग तपकिरी होतो आणि मिरी चावल्यासारखा घसा टोचतो. धीर नसेल तर दुकानातून तयार घ्या, कोणी अडवलेलं नाही.

साखर, मध, गुळाचं पाणी: नाही. सुक्रालोजही बेताने, नाहीतर कॉइल आठवड्याच्या आत काळी पडून जळकी चव येते.

दालचिनी, लिंबू, बडीशेप यांच्या फ्लेवरने काही प्लॅस्टिकच्या टाक्यांना तडे जातात. काचेची टाकी वापरा.

लहान पॉडमध्ये ७०-३० चं (७० टक्के व्हीजी, ३० टक्के पीजी) घट्ट लिक्विड भरलं की कापूस वेळेत भिजत नाही आणि पहिल्याच झुरक्याला करपतं. तिथे ५०-५०. तेच पातळ लिक्विड मोठ्या टाकीत भरलंत तर खालून गळेल आणि खिशाला डाग पडतील. कॉइल बिचारी दोन्ही वेळा शिव्या खाते.

घसा जळतोय? माझा क्रम ठरलेला आहे: आधी निकोटिनचा हिशोब परत करा, मग पीजीचं प्रमाण बघा, मग बाटली आठवडाभर कपाटात ठेवा. रेसिपी शेवटी बदला. लोक नेमकं उलट्या टोकाकडून सुरू करतात.

आणि सुट्टीला घरी जाताना हे काहीही बॅगेत टाकू नका. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठवण सगळ्यावर बंदी आहे. आयातीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. "माझ्यापुरतं आहे हो" हे मुंबई विमानतळावर सांगून बघायची हौस कशाला? पुण्यात भावाच्या गच्चीवर मिसळायचा बेतही तिथेच सोडा. तेवढ्या दिवसांसाठी निकोटिनचं च्युइंगम न्या. संपलं तर दोन मिलीग्रॅमचं तिथल्या मेडिकलमध्येही मिळतं.