आठवड्यातला एक तास सरकारी दवाखान्यात: सेवा करायची तर सुरुवात कुठून करायची

गेली सहा वर्षं मी दर मंगळवारी ऑफिस सुटलं की आमच्या शहरातल्या सरकारी दवाखान्यात तासभर जाते. मी डॉक्टर नाही, नर्स नाही, कुठल्या संस्थेची मेंबरही नाही. तिथे पेशंटसोबत आलेल्या नातेवाईकांबरोबर बसते, एवढंच. ओळखीतले बरेच जण विचारतात की आम्हालाही कुणासाठी तरी काहीतरी करायचंय पण नेमकं काय करायचं, कुठे पैसे भरू का, त्यांच्यासाठी हे लिहितेय. तुमच्या गावात मोठा दवाखाना नसला तर एसटी स्टँड, तहसील कचेरी, बँक, कुठेही हेच लागू पडतं.

पहिल्या दिवशी रिकाम्या हाताने जा. हे मी मुद्दाम आधी सांगतेय कारण आपल्याला सेवा म्हटलं की पहिलं अन्नदानच सुचतं. मी पण पहिल्यांदा चाळीस पाकिटं पुरीभाजी घेऊन गेले होते, मैत्रिणीने पहाटे उठून मदत केली होती, आणि तिथे पोचले तर आधीच एका मंडळाची खिचडी वाटून झालेली, लोकांची पोटं भरलेली, माझी अर्ध्याहून जास्त पाकिटं तशीच राहिली. जिन्याच्या कडेला एक आजी बसल्या होत्या, त्यांना पाकीट पुढे केलं तर त्यांनी हातानेच नको म्हटलं आणि विचारलं, "बाई, हितं जरा बसतीस का, मी जाऊन येते." त्या सकाळपासून बाथरूमला गेल्या नव्हत्या. मालक आत वॉर्डात, सोबत दुसरं कुणी नाही, पिशवी सोडून जायची भीती, आणि नेमकं तेव्हाच आतून नाव पुकारलं तर काय करायचं हीपण भीती. मी त्यांच्या पिशवीजवळ वीस मिनिटं बसले. पिशवीत एक चादर, स्टीलचा डबा, प्लास्टिकच्या फाईलमध्ये एक्सरे. आजी परत आल्या तेव्हा तोंड धुतलेलं, केस पाण्याने चापून बसवलेले, पदर नीट घेतलेला, आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसल्या. चाळीस पाकिटांनी झालं नसतं ते काम त्या वीस मिनिटांनी झालं.

तेव्हापासून मी एकच प्रश्न विचारते, "आत्ता काय अडलंय?" जेवलात का विचारलं की माणसं भिडेखातर हो म्हणतात, पण काय अडलंय विचारलं की खरं बोलतात. कुणाचा मोबाईल बंद पडलेला असतो आणि गावाकडे पोरं काळजीत असतात, कुणाला सोनोग्राफीचा रिपोर्ट कुठल्या खिडकीवर मिळतो ते कळत नाही, कुणाला फॉर्म भरता येत नाही आणि तसं सांगायची लाज वाटते. म्हणून सोबत काय न्यायचं तर पेन, कोरे कागद, चार्ज केलेली पॉवर बँक आणि तिच्या दोन्ही प्रकारच्या वायरी, झेरॉक्ससाठी सुट्टे पैसे आणि पाण्याची बाटली.

थोडी माहितीही पाठ करून ठेवा, कारण इथे माहिती म्हणजे पैसाच असतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, त्यासाठी यादीतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र नावाचा माणूस टेबल टाकून बसलेला असतो, रेशन कार्ड आणि आधार घेऊन त्याच्याकडे जायचं, अडलं तर १५५३८८ वर फोन करायचा. सरकारी दवाखान्यात समाजसेवा अधीक्षक, म्हणजे गरजू पेशंटना योजना आणि मदत मिळवून द्यायला नेमलेले अधिकारी, असतात, त्यांची खोली कुठल्या मजल्यावर आहे ते आधी स्वतः जाऊन बघून या, कारण खेड्यातून आलेल्या माणसाला असं कुणी असतं हेच माहीत नसतं. आणि पेशंट खाजगी ट्रस्टच्या दवाखान्यात असेल तर विचारायचं की हे धर्मादाय रुग्णालय आहे का, कारण अशा दवाखान्यांना १० टक्के खाटा निर्धन पेशंटसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशन कार्ड लागतं. हे बिल भरायच्या आधी कळलं तर उपयोग, नंतर कळून फक्त हळहळ. एका माणसाने नुकतीच म्हैस विकली होती आणि मग आमची गाठ पडली, ते मला अजून टोचतं.

रक्ताचं वेगळं सांगते. गावाकडून एकटा आलेला माणूस दोन बाटल्यांसाठी डोनर आणा म्हटल्यावर कुठून आणणार, इथे त्याला चहावाल्याशिवाय कुणी ओळखत नाही. तुमचं वय १८ च्या पुढे, वजन ४५ किलोच्या वर आणि हिमोग्लोबिन १२.५ असेल तर पुरुषांना दर तीन महिन्यांनी आणि बायकांना दर चार महिन्यांनी रक्त देता येतं. वाढदिवसाला द्यायचा संकल्प छान आहे पण शक्य असेल तर मे महिन्यात द्या, तेव्हा कॉलेजं बंद, लोक गावी, शिबिरं होत नाहीत आणि रक्तपेढ्या रिकाम्या पडतात. प्लेटलेट तर पाचच दिवस टिकतात, त्यामुळे त्या साठवून ठेवता येत नाहीत, डेंग्यूच्या दिवसांत कुणीतरी सतत देत राहावं लागतं.

आता बोलायचं कसं. खरं म्हणजे कमी बोलायचं. "सगळं नीट होईल" हे वाक्य मी सोडून दिलंय, कारण ते मला माहीत नसतं आणि समोरच्यालाही कळतं की मला माहीत नाही. त्यापेक्षा "कधीपासून आहात इथे?" विचारा आणि गप्प बसा, माणूस आपणहून सगळं सांगतो, पेशंटचं सांगता सांगता शेतातल्या कांद्याचं सांगतो, धाकटीच्या लग्नाचं सांगतो, ते ऐकायचं. काढा, जडीबुटी, अमुक बाबांचा अंगारा असले सल्ले अजिबात द्यायचे नाहीत. फोटो काढायचा नाही, स्टेटसला तर नाहीच, कारण दुःखात बसलेल्या माणसाचा चेहरा आपल्या मालकीचा नसतो. आणि उद्या येते असं तोंडातून गेलं तर उद्या जायचंच, नाहीतर म्हणायचं नाही. तिथली माणसं खरंच दाराकडे बघत बसतात. रोख पैसे मी शक्यतो देत नाही, औषध लिहून दिलेलं असेल तर चिठ्ठी घेऊन सोबत मेडिकलपर्यंत जाते आणि तिथे भरते.

वॉर्डातल्या मावशी, मामा, सिस्टर यांच्याशी नीट वागा. एकेका सिस्टरकडे केवढे पेशंट असतात ते एकदा डोळ्यांनी बघा, मग नातेवाईकांची बाजू घेऊन त्यांच्यावर आवाज चढवावासा वाटणार नाही. माझी तिथली निम्मी कामं एका मावशींमुळे होतात, मी त्यांच्यासाठी फक्त दर मंगळवारी चहा घेते आणि त्यांच्या गुडघ्याची चौकशी करते.

हे सगळं करताना माझ्या डोळ्यासमोर गाडगेबाबा असतात. ते गावात आले की आधी खराटा हातात घेऊन गाव झाडायचे आणि मग रात्री कीर्तन करायचे. आधी काम, मग शब्द, तेही लोकांना प्रश्न विचारत विचारत. पाया पडू द्यायचे नाहीत कुणाला. त्यांनी देवळांपेक्षा धर्मशाळा बांधल्या, आणि आजही दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये कॅन्सरच्या उपचाराला आलेले पेशंट आणि त्यांची माणसं राहतात. ज्यांनी परळच्या फुटपाथवर चादरी अंथरून झोपलेली कुटुंबं पाहिलीत त्यांना एका खोलीची किंमत वेगळी सांगायला नको. तिकडे उपचाराला जाणारं कुणी ओळखीत असेल तर निघायच्या आधीच राहायची चौकशी करा, तिथे पोचल्यावर नाही.

घरी येताना बसमध्ये मला अर्धा तास मिळतो, त्यात मोबाईल पिशवीत ठेवते आणि आज काय झालं ते आठवते. घरी आल्यावर वहीत दोन-चार ओळी लिहिते. आज कुणाचं बोलणं मी मधेच तोडलं? मी केलेलं त्या माणसाच्या गरजेचं होतं की मला बरं वाटावं म्हणून होतं? दुसरा प्रश्न अवघड आहे, पण तोच महत्त्वाचा. एका मंगळवारी वहीत लिहिलंय, "दवाखान्यात अनोळखी आजोबांना तीनदा तीच गोष्ट सांगू दिली, घरी आईने दुसऱ्यांदा विचारलं तर खेकसले." त्यानंतर मी घरात शिरल्यावर आधी आईजवळ दहा मिनिटं बसते, मग बाकीचं. रोज जमतंच असं नाही, पण वही असल्यामुळे जमलं नाही हे तरी कळतं.

ओळख झालेल्या कुटुंबातला पेशंट कधी कधी जातो. तेव्हा शब्द शोधू नका. शववाहिका कुठे मिळते, कागदावर सह्या कुठे लागतात, गावाकडे कुणाला फोन करायचा, हे बघा आणि त्यांच्या बाजूला उभे राहा. नंतर रडू आलं तर रडा, आणि पुढचा आठवडा जावंसं वाटलं नाही तर जाऊ नका. माझे असे तीन-चार मंगळवार गेलेत. शक्य असेल तर जोडीला एक मैत्रीण किंवा मित्र घ्या, मनातलं कुणाशी तरी बोलता येतं.

येत्या आठवड्यात जाणार असाल तर संध्याकाळी पाचच्या पुढे जा, ओपीडीची गर्दी ओसरलेली असते आणि नातेवाईक जिन्यात, झाडाखाली, पार्किंगच्या कट्ट्यावर बसलेले असतात. चपला काढून त्यांच्या बरोबरीने खाली बसा, उभ्याने बोलू नका. आणि पेन दोन न्या, एक कुणाला तरी देऊन यावं लागतं.