टाकीच्या तोंडाशी कोण उभे राहणार?

नागपूरजवळच्या बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या कारखान्यात टाकी, बॉयलर किंवा सांडपाण्याचे चेंबर साफ करायचे असते, तेव्हा अनुभवी कामगार आत उतरतो आणि तोंडाशी मात्र अनेकदा सर्वांत नव्या पोराला उभे केले जाते. प्रशिक्षणाची सुरुवात ही सवय मोडण्यापासून करावी.

तोंडाशी उभ्या राहणाऱ्या पहारेकऱ्याला दुसरे कोणतेही काम देऊ नये. आत गेलेल्यांची नावे लिहिणे, त्यांच्याशी सतत बोलत राहणे आणि शंका येताच त्यांना बाहेर बोलावणे एवढेच त्याने करावे. आतला माणूस कोसळला तरी त्याने स्वतः उतरू नये. ही शेवटची गोष्ट वर्गात पटते, पण प्रत्यक्षात पाळली जात नाही. म्हणून सरावात माणसाच्या वजनाचे पोते दोरीला बांधून टाकीत सोडावे, पूर्वसूचना न देता ‘माणूस पडला’ असे ओरडावे आणि पहारेकऱ्याचा पाय तोंडाकडे वळतो की हात विंचकडे, म्हणजे दोरीने माणसाला वर ओढणाऱ्या यंत्राकडे जातो, ते पाहावे. पाय वळला, तर सराव पुन्हा घ्यावा. विषारी हवेत मित्राला वाचवायला उतरलेला माणूसही तिथेच पडतो, आणि मेंदूला प्राणवायू मिळाला नाही तर चार-पाच मिनिटांतच इजा होऊ लागते. त्यामुळे ट्रायपॉड (तोंडावर उभी करायची तिपाई), विंच आणि हार्नेस (अंगाला बांधायचे पट्टे) माणूस उतरण्याआधीच जोडलेले हवेत. १९४८च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ३६ मध्येही श्वसनयंत्र लावून उतरणाऱ्याच्या पट्ट्याला बांधलेल्या दोरीचे मोकळे टोक बाहेरच्या माणसाच्या हातात असावे, असे सांगितले होते.

आत उतरण्याच्या परवान्यावर सही करणाऱ्या सुपरवायझरने व्हॉल्व्ह बंद आहे एवढ्यावर समाधान मानू नये. पाइपच्या फ्लँजमध्ये (जोडात) ब्लाइंड, म्हणजे वाट पूर्ण बंद करणारी चकती बसवून आणि विजेच्या स्विचला कुलूप लावून किल्ली स्वतःकडे ठेवावी. हवेची तपासणी वर, मध्ये आणि तळाशी अशी तिन्ही ठिकाणी करावी. प्राणवायू आधी मोजावा, कारण तो कमी असल्यास ज्वलनशील वायूचा आकडा चुकीचा येऊ शकतो. प्राणवायू १९.५ ते २३.५ टक्के आणि ज्वलनशील वायू स्फोटाच्या खालच्या मर्यादेच्या (हवेत पेट घेण्यासाठी लागणाऱ्या त्याच्या किमान प्रमाणाच्या) १० टक्क्यांहून कमी असावा. विषारी वायू त्यानंतर मोजावेत. विहिरीत कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत इथे उपयोगाची नाही: हायड्रोजन सल्फाइड घातक प्रमाणात असला तरी कंदील जळत राहतो, आणि मिथेन असेल तर तोच स्फोट घडवू शकतो. नाकावरही विसंबू नये, कारण हायड्रोजन सल्फाइड वाढला की त्याचा वास येणेच बंद होते.

आत जाणाऱ्याने वायू मोजणारा डिटेक्टर छातीवर लावावा, कारण गाळ ढवळला की त्यात अडकलेला वायू सुटतो आणि सकाळचा चांगला आकडा निरुपयोगी ठरतो. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेव्हा गाळही लवकर कुजतो आणि माणूसही लवकर थकतो. म्हणून पाळ्या लहान ठेवाव्यात आणि जेवणाच्या सुट्टीनंतर पूर्ण तपासणी पुन्हा करावी. अलार्म वाजला की कारण न विचारता बाहेर यावे.

काम संपल्यावर पहारेकऱ्याने यादीतील प्रत्येक नाव माणसाशी ताडून पाहावे आणि त्याची सही झाल्यावरच झाकण बसवावे.