ओपन रेल्सवर आपली रेल्वे चालवताय? या चुका टाळा

गेल्या महिन्यात ओपन रेल्स हा कॉम्प्युटरवरचा ट्रेन सिम्युलेटर चालवणाऱ्या चार वेगवेगळ्या पोरांनी मला एकच प्रश्न विचारला, "दादा, लोणावळ्याहून निघालं की गाडी घाटात थांबतच नाही, इंजिनाची फाईल खराब आहे का?" फाईल चांगली आहे, ब्रेक चुकीचा लावताय. चौघांना वेगवेगळं समजावून झालं, आता एकदाच लिहून ठेवतो. मी ओपन रेल्सवर चालवतो, त्यात मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटरचे जुने भारतीय रूट आणि गाड्या टाकल्यात, त्यामुळे उदाहरणं तिथलीच.

ब्रेक बटणासारखा वापरणं

मोबाईलवरच्या गेममध्ये बटण दाबलं की गाडी थांबते, सोडलं की सुटते, आणि तीच सवय घेऊन लोक इथे येतात. अरे, खऱ्या गाडीत ब्रेक म्हणजे हवा. ब्रेक पाइपमध्ये ५ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) प्रेशर असतं, ए-नाईनच्या, म्हणजे ड्रायव्हरच्या ब्रेक व्हॉल्वच्या, दांड्याने ते उतरवलं की ब्रेक लागतो. अर्धा किलो उतरवलं की हलका, दीड किलोच्या आसपास उतरवलं की पूर्ण, त्यापुढे कितीही हवा घालवा, जास्त काही मिळत नाही. आणि गेलेली हवा परत भरायला वेळ लागतो, गाडी जेवढी लांब तेवढा जास्त. प्रवासी डब्यांना शेजारी ६ किलोचा फीड पाइप असतो, तो डब्याखालच्या ब्रेकच्या टाक्या भरत राहतो. मालगाडीला अनेकदा एकच पाइप, त्यामुळे तिथे चूक लगेच अंगाशी येते.

दिवाळीत भाचा आला होता, त्याला भरलेली मालगाडी दिली, लोणावळा ते कर्जत. अंतर जेमतेम २८ किलोमीटर. खंडाळ्यापर्यंत बरा होता. पुढे उतार १:३७, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर खाली. ३० चा वेग ३५ झाला, याने ब्रेक मारला, २० वर आला, लगेच पूर्ण सोडला. परत ३५, परत मारला, परत सोडला. मी मागे चहाचा कप घेऊन उभा होतो, बोललो नाही, कारण हे सांगून कळत नाही, काट्याकडे बघूनच कळतं. चौथ्या वेळेला पाइपचा काटा साडेचारच्या वर आलाच नव्हता आणि त्याने पुन्हा दांडा ओढला. वेग ४२, ४८, ५५. "मामा, ब्रेक लागतोय पण धरत नाहीये." इमर्जन्सी लावली तोवर उशीर झाला होता, ठाकूरवाडीचा लाल सिग्नल मागे पडला. वॅगनखालच्या टाकीला भरायला उसंतच दिली नव्हती, तर ती ब्रेकच्या सिलिंडरला हवा देणार कुठून?

खऱ्या घाटात याच भीतीपोटी कॅच सायडिंग आहेत, म्हणजे ताबा सुटलेली गाडी वळवायच्या बाजूच्या लाईनी. गाडी आधी उभी राहते, ती ताब्यात आहे हे दिसलं की मगच पुढचा रस्ता मिळतो. पुण्याहून मुंबईला जाताना मंकी हिल, ठाकूरवाडीला गाडी उगाच थांबली असं वाटतं ना, ती उगाच थांबत नाही.

माझी पद्धत अशी. लोणावळ्याला उभं असतानाच पाइप पूर्ण ५ वर आलाय का बघायचं. उतार लागायच्या आधीच अर्धा किलो लावायचा, लागल्यावर नाही. इंजिनाला डायनॅमिक ब्रेक (हवेशिवाय, इंजिनाच्या मोटारींनीच वेग आवरणारा) असेल तर वेग त्याच्यावर सांभाळायचा, वाढायला लागला तर पाव किलो आणखी, आणि काही झालं तरी मध्येच पूर्ण सोडायचा नाही. मंकी हिलला मी थांबतोच, वेळापत्रकात नसलं तरी. ऑप्शन्समध्ये 'ग्रॅज्युएटेड रिलीज एअर ब्रेक्स' चालू करा, भाच्याच्या लॅपटॉपवर ते बंद होतं, बंद असलं की दांडा जरा सैल केला तरी सगळा ब्रेक सुटतो, आणि आपल्या गाड्या तशा नाहीत. प्रेशर किलोमध्ये दाखवायची सोय आहे, तीही लावा. काही जुनी इंजिनं अमेरिकन फाईलवरून उचललेली असतात, पाइप ९० पीएसआय दाखवतो. आपले ५ किलो म्हणजे ७१ पीएसआय.

शिफ्ट आणि स्लॅश दाबलं की हवा एका झटक्यात भरते, हा शॉर्टकट सगळे एकमेकांना सांगत फिरतात. घाटात तो वापरू नका. तो वापरून कर्जतला पोचलात तर घाट उतरलात असं मी मानत नाही.

झिप उघडली की सगळं 'रिप्लेस ऑल'

गणपतीच्या सुट्टीत एका जुन्या रूटची झिप उतरवली, आत ग्लोबल फोल्डर होतं, घाईत सगळं वरच्यावर टाकलं. नवा रूट छान चालला. दुसऱ्या दिवशी घाटाचा रूट उघडेना, मग कोकणातला उघडेना, मग तिसरा. मी एकेक रूट काढून परत टाकत बसलो, रात्रीचे दोन वाजले. शेवटी डेस्कटॉपवर पडलेली ओपन रेल्सची लॉग फाईल उघडली, त्यात रुळांच्या तुकड्यांबद्दल तक्रारींची रांग. ग्लोबलमधली टीसेक्शन डॅट ही फाईल म्हणजे रुळाच्या प्रत्येक तुकड्याची यादी, सगळे रूट ती एकच यादी वाचतात, आणि मी नव्या यादीवर कित्येक वर्षं जुनी यादी टाकली होती.

तेव्हापासून झिप आधी डेस्कटॉपवर वेगळी उघडतो, रीडमी वाचतो, मग एकेक फोल्डर हाताने नेतो. टीसेक्शन कायम सगळ्यात नवीन ठेवायची, जुनीने कधीच बदलायची नाही. ग्लोबलची एक कॉपी पेनड्राइव्हवर असते. आणि काही बिघडलं तर दुसऱ्याला विचारायच्या आधी लॉग वाचा, नव्वद टक्के उत्तर तिथेच असतं, पण नवीन लोकांना दोन मिनिटं वाचायची तयारी नसते याचं वाईट वाटतं.

बाकीच्या, पटापट

इंजिनाची फाईल नोटपॅडमध्ये बदलली तर सेव्ह करताना युनिकोडच (नव्या नोटपॅडमध्ये 'यूटीएफ-१६ एलई') ठेवा, यूटीएफ-८ केलीत तर जुना गेम ती वाचणार नाही.

अप म्हणजे चढ नाही. मध्य रेल्वेवर मुंबईकडे जाणारी अप, त्यामुळे घाटात अप गाडी उतरते आणि डाऊन गाडी चढते.

कर्जतहून चढताना मागे बँकर, म्हणजे ढकलणारं इंजिन, लावल्याशिवाय निघू नका. चाकं घसरली की लोक ऑप्शन्समध्ये अॅडहेजन (चाकाची रुळावरची पकड) सोपं करून टाकतात, त्यापेक्षा मागे इंजिन जोडा, खऱ्या घाटातही तेच करतात.

दोन पिवळे म्हणजे 'चालतंय' नाही, पुढचा सिग्नल कमी वेगाने ओलांडायची तयारी ठेवा. एक पिवळा म्हणजे पुढच्याला थांबायची तयारी.

डेक्कन क्वीनच्या एलएचबी डब्यांपुढे १५०० व्होल्ट डीसीच्या जमान्यातलं डब्ल्यूसीएम इंजिन लावू नका. डबे २०२२ मध्ये आले, तोवर घाटात २५ हजार व्होल्ट एसी येऊन बरीच वर्षं झाली होती.

आणि पहिल्याच दिवशी घाट नको. पुणे–लोणावळा लोकल घ्या. शिवाजीनगर, खडकी, दापोडी, कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, दर दोन-चार मिनिटांनी थांबायचंय, एवढा ब्रेकचा सराव कुठेच होत नाही. मी पहिला महिनाभर फक्त तीच चालवली. मळवलीला फलाटाच्या बरोबर शेवटच्या टोकाला, एका दमात, दांडा पुन्हा न हलवता गाडी उभी राहिली की मग मालगाडी मागा.