मॅक्सिमम: बोलताना, लिहिताना आणि पैसे देताना या चुका टाळा

‘मॅक्सिमम लोक आले होते’, ‘मॅक्सिमम पोरं पास झाली’. म्हापशापासून काणकोणपर्यंत असं आपण रोज बोलतो. मराठीत ते खपून जातं. तेच इंग्रजी अर्जात उतरलं की अर्थ बिघडतो, कारण ‘बहुतेक’साठी इंग्रजीत ‘मोस्ट’ आहे. मॅक्सिमम म्हणजे जास्तीत जास्त, त्याच्या वर नाही. हॉलच्या अर्जात ‘मॅक्सिमम २०० पर्सन्स’ लिहिलंत तर दोनशेच्या वर कोणी नाही एवढंच कळतं. पन्नासच आले तरी ते खरंच ठरतं.

खिशाला चाट बसते ती मात्र एमआरपीत. त्यातला एम मॅक्सिममचा, हेच आपण विसरतो आणि छापील आकडा ठरलेला भाव समजून निमूट देतो. तो कमाल भाव आहे. दुकानदार कमी घेऊ शकतो, आणि गिऱ्हाइकाने कमी करून मागण्यात काहीच गैर नाही. जास्त घेणं मात्र २०११ च्या पॅकबंद वस्तूंच्या वैधमापन नियमांविरुद्ध आहे. कळंगुट-बागा भागात पाण्याची थंड बाटली घेतलीत आणि ‘कुलिंग’चे वेगळे पैसे मागितले, तर बाटली फिरवून बघा. आकड्याला लागूनच बारीक अक्षरांत छापलेलं असतं: इन्क्लुझिव्ह ऑफ ऑल टॅक्सेस. म्हणजे वर जीएसटी लावणंही चूक. बिल घ्या, जपून ठेवा आणि ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार करा. हॉटेलात टेबलावर बसून मागवलेल्या बाटलीवरून मात्र वाद घालू नका. तिथे पाण्याबरोबर सेवाही दिली जाते, म्हणून एमआरपीहून जास्त घेता येतं, असा सुप्रीम कोर्टाचा डिसेंबर २०१७ चा निकाल आहे.

हवामानाच्या बातमीत हाच शब्द वेगळं काम करतो. ‘पणजीत कालचं मॅक्सिमम ३४ अंश’ यात कोणी मर्यादा घातलेली नाही. दिवसभरात पारा प्रत्यक्ष जिथवर चढला तो आकडा आहे. मर्यादा कोणीतरी ठरवतं, नोंद मोजून मिळते. एवढं पाहिलं की गोंधळ होत नाही.

‘मॅक्सिमम ५ ते ६ दिवस’ लिहू नका, सरळ ६ लिहा. नोकरीच्या जाहिरातीत ‘नॉट एक्सीडिंग ४५’ मध्ये ४५ धरलेले असतात, ‘बिलो ४५’ मध्ये नसतात. सेलच्या पाटीवरचं ‘अपटू ५० टक्के’ एखाद्याच कपड्याला लागू असलं तरी पाटी खोटी ठरत नाही.

औषधाच्या बाबतीत मात्र चुकायला वाव नाही. तिथे मॅक्सिमम म्हणजे घ्यायचा डोस नव्हे. धडधाकट प्रौढ माणसासाठी पॅरासिटामॉलची कमाल मात्रा २४ तासांत ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या ८ गोळ्या. ताप दोन गोळ्यांत उतरला तर पुढच्या घ्यायच्या नाहीत. यकृताचा त्रास असेल, वजन कमी असेल, रोज दारू होत असेल, तर ही हद्द डॉक्टर आणखी खाली आणतात. आणि सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं. पाकिटावरचे घटक वाचून तेही त्याच ४ ग्रॅममध्ये मोजा.