मुरुड ते गुहागर किनाऱ्याने: गाडी काढण्याआधी या चुका टाळा

मुरुड-जंजिऱ्याहून निघायचं आणि दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, केळशी, आंजर्ले, हर्णै, दाभोळ करत गुहागर गाठायचं. कोकणातली छोटी गावं बघायला याहून चांगली वाट नाही. तरी बरेच जण ही वाट करून दमून, चिडून परत येतात. त्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. बेत किलोमीटरवर आखलेला असतो आणि रस्ता चालतो खाडी आणि भरती-ओहोटीवर.

किलोमीटर मोजून दिवस ठरवणं

या वाटेवर तीन मोठ्या खाड्या गाडीसकट बोटीने ओलांडाव्या लागतात. आगरदांडा ते दिघी ही राजपुरीची खाडी, बागमांडला ते वेसवी ही सावित्रीची म्हणजे बाणकोटची खाडी आणि दाभोळ ते धोपावे ही वाशिष्ठीची. बोटीला सगळे ‘जंगलजेट्टी’च म्हणतात. मधला रस्ता बऱ्याच ठिकाणी एकेरी आहे. दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, म्हणजे दगडी कुंपणं, असतात आणि डांबराची कड संपली की चाक एकदम खाली उतरतं. समोरून एसटी आली तर गाडी मागे घ्यावी लागते. चढावर असाल तर वाट आधी चढणाऱ्याची, हे दोघांनीही पाळायचं.

ताशी २५ किलोमीटर धरा आणि एका दिवसात एकच खाडी ओलांडा. पहिला मुक्काम श्रीवर्धन किंवा हरिहरेश्वर, दुसरा आंजर्ले किंवा हर्णै, तिसरा गुहागर. दोन खाड्या एका दिवसात कोंबल्या की मधलं गाव फक्त काचेतून दिसतं.

नुसतं गावाचं नाव टाकून नकाशामागे जाणं

मुरुड दोन आहेत. एक जंजिऱ्याचं, दुसरं दापोली तालुक्यात कर्द्याजवळ, महर्षी कर्व्यांचं. वेळासही दोन. कासवांचं वेळास मंडणगड तालुक्यात, बाणकोटजवळ, आणि दुसरं दिघी-दिवेआगरच्या वाटेवर. दोन्ही वेळासांच्या मध्ये सावित्रीची खाडी आहे, म्हणजे चूक कळेपर्यंत अर्धा दिवस गेलेला असतो. नावासोबत तालुका टाका.

आणखी दोन गोष्टी तपासा. नकाशात ‘फेरी टाळा’ हा पर्याय चालू राहिला असेल तर तो दाभोळहून गुहागरला थेट खेड-चिपळूणवरून फिरवतो. पंधरा-वीस मिनिटांच्या पाण्याऐवजी शंभर किलोमीटरच्या वर रस्ता. दुसरं म्हणजे गावात शिरल्यावर दिसणारी बारीक रेघ ही अनेकदा पाखाडी असते, जांभ्याच्या पायऱ्यांची पायवाट. चारचाकी तिथे अडकली की वळवायला जागा नसते. शेवटचा एक किलोमीटर माणसांना विचारत जा.

जंगलजेट्टीवर वेळेचा आणि उताराचा अंदाज चुकणं

शेवटची बोट किती वाजता, हे सकाळी निघतानाच धक्क्यावर फोन करून विचारा. हंगाम, गर्दी आणि हवेप्रमाणे वेळा बदलतात आणि वादळी वाऱ्यात बोट बंद राहते. बागमांडल्याची शेवटची बोट चुकली तर म्हसळा-आंबेत-मंडणगड असा दोन-तीन तासांचा फेरा पडतो, तोही अंधारात. जोडून सुट्टी असेल तर रांग धक्क्याच्या बाहेर रस्त्यावर येते. आधी खिडकीवर तिकीट काढा, मग रांगेत उभे राहा.

गाडी चढवताना खरी अडचण ओहोटीला येते. पाणी उतरलं की धक्क्याचा उतार लांब आणि तीव्र होतो, खालचा भाग शेवाळाने निसरडा असतो आणि उतार जिथे बोटीच्या फळीला मिळतो तिथे कोन तयार होतो. बुटक्या गाडीचा पुढचा बंपर नेमका तिथे घासतो. पहिल्या गिअरमध्ये, क्लच न सोडता-धरता, एका संथ चालीत जा. मध्येच थांबलात तर चाक फिरतं आणि गाडी मागे सरकते. आत बसलेल्यांना आधी उतरवा, गाडी तेवढी वर उचलली जाते. खलाशी रिव्हर्समध्ये चढवायला सांगेल तर त्याच्या हाताकडे बघूनच घ्या. बोटीवर इंजिन बंद, गिअर टाकलेला आणि हँडब्रेक पक्का.

तिथी न बघता समुद्राजवळ जाणं

ही चूक जिवावर बेतते. हरिहरेश्वराची प्रदक्षिणा खडकाच्या अरुंद खिंडीतून पायऱ्यांनी खाली उतरते आणि लाटांनी कोरलेल्या कातळावरून फिरते. भरतीला तोच कातळ पाण्याखाली जातो आणि परतीची वाट बंद होते. इथे माणसं वाहून गेली आहेत. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी ते तासभर नंतर, एवढ्याच वेळात जा. पावसाळ्यात अजिबात नको.

ओहोटी कधी, याचा किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करायची, ती पूर्ण भरतीची वेळ. दशमी असेल तर १० गुणिले पाऊण म्हणजे साडेसात. सकाळी आणि संध्याकाळी साडेसातच्या सुमारास पूर्ण भरती आणि त्यानंतर सहा तासांनी, दीडच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. चतुर्थीला भरती तीनला, ओहोटी नऊला. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराला. शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांना हाच हिशेब. यात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडू शकतो, म्हणून त्या दिवसाचा भरतीचा तक्ताही बघा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी नेहमीपेक्षा वर चढतं आणि जास्त खाली उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा चढउतार कमी. गुहागरच्या पुढे हेदवीला बामणघळ, म्हणजे लाट आत घुसून उसळते ती कातळातली चिंचोळी भेग, बघायला मात्र भरतीच हवी, फक्त घळीच्या तोंडापासून चांगलं लांब उभं राहून.

पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, गाडी उतरवणं

उतरवूच नका. नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या भरतीच्या रेषेच्या वर वाळूत अंडी घालतात. साधारण ४५ ते ५५ दिवसांनी पिल्लं बाहेर येतात. चाकाखाली घरटं आलं तर वरून काहीच कळत नाही. शिवाय ओली वाळू घट्ट वाटते, पण वहाळाच्या तोंडाशी आणि वरच्या कोरड्या पट्ट्यात चाक रुततंच.

दुसऱ्या कुणाची रुतलेली दिसली किंवा तुमचीच रुतली, तर ॲक्सिलरेटर सोडा. चाक जितकं फिरेल तितकं खोल जातं. चारही टायरची हवा १५ ते १८ पीएसआयपर्यंत उतरवा, टायर पसरतो आणि वजन वाटलं जातं. गाडीचं पोट वाळूवर टेकलं असेल तर आधी तिथली वाळू काढा, मग चाकापुढची उकरून उतार करा आणि त्यात गाडीतल्या चटया किंवा नारळाच्या झावळ्या घाला. चाकं सरळ ठेवून दुसऱ्या गिअरमध्ये हळू बाहेर काढा. दोन प्रयत्नांत निघाली नाही आणि भरती चढत असेल तर तिसरा प्रयत्न करू नका, गावातला ट्रॅक्टर बोलवा. नंतर हवा भरेपर्यंत गाडी हळू चालवा आणि त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुऊन घ्या, नाहीतर ब्रेकपासून गंज सुरू होतो.

भर दुपारी गावात पोचणं

एक ते चार बाजारपेठ झोपलेली असते. दुकानं बंद, रस्ता ओस, आणि पाहुणा म्हणतो गावात काही नाही. गाव बघायचं ते सकाळी सात ते नऊ. गाडी एसटी स्टँडजवळ लावा आणि आळीतून चाला. गुहागरात ‘खालचा पाट’ या वस्तीपासून ‘वरचा पाट’ या वस्तीपर्यंत एकच लांब रस्ता, दोन्हीकडे चिऱ्याची घरं आणि मागे नारळी-पोफळीच्या वाड्या. श्रीवर्धनला अंगणात रोठा सुपारी वाळत घातलेली दिसली तर तिच्यावरून पाय किंवा चाक नेऊ नका. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात इथल्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळ पुन्हा लावून फळाला यायला वर्षं जातात. वाडीत शिरायचं असेल तर आधी हाक मारा. लोक आपणहून आत बोलावतात, पाणी विचारतात.

हर्णैच्या बंदरात मासळीचा लिलाव बघायचा तर दुपारी चारनंतर जा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. तेव्हा ताजी सुरमई मागून घरमालकाला अडचणीत टाकू नका.

जेवण ऐनवेळी मागणं

घरगुती खानावळीत माणसं मोजून भात लावतात. दुपारचं जेवण सकाळी दहाच्या आत सांगा, किती माणसं आणि शाकाहारी किती तेही. उकडीचे मोदक आदल्या रात्री सांगा. पिठाची उकड काढून, मळून, कळ्या पाडून वाफवायला वेळ लागतो आणि नारळही तेव्हाच खवायचा असतो. पेट्रोल तालुक्याच्या गावी भरून घ्या. रोख पैसे जवळ असू द्या, कारण खाडीकाठी मोबाइलची रेंज हमखास जाते आणि धक्क्यावर तिकिटाला नेमके सुटे लागतात.