बिजागऱ्यांवरचा जुना रंग उकळून काढा

दाराच्या बिजागऱ्या, कड्या, मुठी यांच्यावर रंगाचे पाच-सहा थर चढले असतील तर कानशीने किंवा पॉलिश पेपरने घासत बसू नका. फार जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि कोरडं घासलं की त्याची धूळ थेट नाकात जाते.

आधी बिजागरीच्या कडेने ब्लेड फिरवा, म्हणजे काढताना लाकडावरचा रंग सोलवटणार नाही. स्क्रूच्या खाचेत रंग गच्च बसलेला असतो; तो टोच्याने कोरून मगच पेचकस लावा, नाहीतर खाच झिजते आणि मग स्क्रू काही केल्या निघत नाही.

एका टाकाऊ स्टीलच्या पातेल्यात लिटरभर पाणी, दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा आणि सगळे सुटे भाग घाला. खिडकी उघडी ठेवून मंद आचेवर अर्धा तास उकळू द्या. रंग सुरकुततो, भिजल्या सालीसारखा सुटतो. चिमट्याने एकेक भाग बाहेर काढून गरम असतानाच, हातमोजे घालून, जुन्या टूथब्रशने खरवडा. गार झाला की पुन्हा चिकटतो. कोपऱ्यात उरलाच तर परत पातेल्यात. हे पातेलं पुन्हा स्वयंपाकाला वापरायचं नाही, हे सांगायला नकोच.

अ‍ॅल्युमिनियमचे भाग यात टाकू नका, काळे पडतात. पितळी दिसणाऱ्या वस्तूला आधी लोहचुंबक लावून पाहा. चिकटला तर आत लोखंड आहे, वर नुसता मुलामा. तिथे तारेचा ब्रश नको.

लोखंड लगेच पुसून कोरडं करा आणि तेलाचा हात फिरवा. तासाभरात गंज धरतो.